निदान आधी पूर्ण करून घ्या, गोळ्यांचे मग पाहू

पत्र

माझे वय २४ आहे. मी भांडुपला राहते आणि अंधेरीतील एका कंपनीच्या लेखा विभागात नोकरी करते. बाराव्या वर्षी पाळी सुरू झाली. कॉलेजला जाईपर्यंत ती बऱ्यापैकी नियमित होती. त्यानंतर मात्र कधी ४५ दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी येते आणि गेल्या वर्षी एकदा तर साडेतीन महिने आलीच नव्हती. हनुवटीवर आणि वरच्या ओठावर जाड केस येतात, त्यामुळे भुवयांबरोबर तिथेही दर पंधरवड्याला थ्रेडिंग करावे लागते. जबड्याच्या कडेने पुरळ असते. डोक्यावरचे केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेते. उंची पाच फूट दोन इंच, वजन ५१ किलो.

पहिल्या डॉक्टरांनी पोटावरून सोनोग्राफी करून 'पीसीओडी' असल्याचे सांगितले आणि रक्ततपासणी न करता सहा महिन्यांच्या हार्मोनच्या गोळ्या दिल्या. त्या चालू असेपर्यंत पाळी दर महिन्याला आली. त्याच काळात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी टेस्टोस्टेरॉन तपासले, पुन्हा सोनोग्राफी केली आणि सगळे नॉर्मल असल्याचे सांगितले. गोळ्या संपून दीड महिना झाला, पाळीचा पत्ता नाही. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणतात, "एवढी बारीक मुलगी, हिला कसला पीसीओडी? लग्न झाले की सगळे सुरळीत होईल." आईच्या मते गोळ्यांनीच शरीर बिघडले. घरात स्थळे पाहणे सुरू आहे आणि याबद्दल कोणाकडे बोलायचे नाही, अशी तिची ताकीद आहे. धाकटी बहीण १५ वर्षांची आहे. तिचीही पाळी मागेपुढे होते. मला पीसीओएस आहे की नाही, हे मी नेमके कसे ठरवून घेऊ?

— एक वाचक, भांडुप

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात निदानासाठी लागणारी बरीचशी माहिती तुम्ही स्वतःच दिली आहे आणि ती तीन डॉक्टरांपैकी एकानेही सलग ऐकून घेतलेली दिसत नाही. पहिल्यांनी सोनोग्राफीचा कागद पाहिला, दुसऱ्यांनी प्रयोगशाळेचा आणि तिसऱ्यांनी फक्त तुमची अंगकाठी. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणारही नाही; परंतु ते कोणत्या क्रमाने व्हायला हवे आणि तुमच्या बाबतीत कोठे अर्धवट राहिले, हे निश्चित सांगता येईल.

पीसीओएस, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, हा अंडाशय आणि संप्रेरके (हार्मोन्स) यांच्याशी संबंधित विकार; त्यालाच बोलण्यात पीसीओडी म्हणतात. त्याचे निदान ठरवणारी एकच एक तपासणी अस्तित्वात नाही. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे २००३ साली तज्ज्ञांनी जे निकष ठरवले आणि २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी जे थोड्या सुधारणांसह कायम ठेवले, त्यांनुसार प्रौढ स्त्रीमध्ये तीनपैकी दोन गोष्टी आढळाव्या लागतात. पहिली म्हणजे पाळीची अनियमितता, म्हणजेच अंडाशयातून स्त्रीबीज वेळच्या वेळी बाहेर न पडणे. दुसरी म्हणजे पुरुषी संप्रेरकांचे आधिक्य, मग ते चेहऱ्यावरील केसांसारख्या लक्षणांतून दिसो किंवा रक्ताच्या अहवालातून. तिसरी म्हणजे सोनोग्राफीत दिसणारे अंडाशयाचे विशिष्ट रूप. यांपैकी दोन गोष्टी असल्या तरी काम संपत नाही, कारण हुबेहूब अशीच लक्षणे निर्माण करणारे इतर आजार नाहीत याची खात्री करून घेतल्यानंतरच पीसीओएस असे म्हणता येते. तुमच्या बाबतीत हा शेवटचा टप्पा कोणीही पार पाडलेला नाही आणि माझ्या मते तीच सर्वांत मोठी त्रुटी आहे.

आता पाळीपासून सुरुवात करू. पाळी सुरू होऊन तीन वर्षे उलटल्यानंतर दोन पाळ्यांमधील अंतर २१ दिवसांपेक्षा कमी किंवा ३५ दिवसांपेक्षा जास्त असेल, किंवा वर्षभरात आठांहून कमी पाळ्या येत असतील, तर ती पाळी अनियमित समजली जाते. अंतर पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचे असते. बऱ्याच मुली पाळी संपल्यापासून मोजतात आणि मग डॉक्टरांना चुकीचा आकडा सांगतात. 'कधी ४५, कधी ६०' हे तोंडी सांगणे आणि बारा महिन्यांच्या तारखा कागदावर लिहून समोर ठेवणे, यांत फार फरक पडतो. दुसऱ्या प्रकारात डॉक्टरांना तुमचे म्हणणे 'ताणामुळे होते असे कधीकधी' म्हणून सोडून देता येत नाही. आपल्याकडे अनेक घरांत स्वयंपाकघरातील कालनिर्णयच्या चौकटीत, दुधाच्या हिशेबाशेजारी, पेनाने काढलेले एक बारीक वर्तुळ असते. गेल्या वर्षीचे कॅलेंडर रद्दीत गेले नसेल तर तेच काढा आणि तारखा उतरवून घ्या. मोबाइलमधील ॲप वापरत असाल तर त्यात तुम्ही स्वतः नोंदवलेल्या तारखा तेवढ्या घ्या; ॲपने स्वतःच्या अंदाजाने रंगवलेले दिवस घेऊ नका. ज्या सहा महिन्यांत गोळ्या चालू होत्या, तो काळ वेगळा दाखवा, कारण त्या महिन्यांतील रक्तस्राव दर महिन्याला गोळ्यांमध्ये पडणाऱ्या खंडामुळे झालेला असतो आणि त्यावरून तुमच्या मूळ चक्राविषयी काहीच कळत नाही.

दुसरा निकष केसांचा आणि तो तपासण्याची पद्धत अगदी ठरलेली आहे. वरचा ओठ, हनुवटी, छाती, पाठ, पोट, दंड, मांड्या अशा शरीराच्या नऊ भागांवरील जाड, काळ्या केसांना प्रत्येकी शून्य ते चार गुण देऊन बेरीज केली जाते आणि ती चार ते सहा किंवा त्याहून अधिक आली तर केसांची वाढ अतिरिक्त मानली जाते. वंशानुसार केसांचे प्रमाण बदलत असल्यामुळे हा उंबरठा थोडा लवचिक ठेवलेला आहे. मऊ, फिकट लव यात धरत नाहीत. इथे एक अडचण नेहमी येते. डॉक्टरांकडे जायचे म्हणून मुली आदल्या दिवशी पार्लरमध्ये जाऊन येतात, हनुवटी गुळगुळीत असते आणि डॉक्टर 'हर्सुटिझम (केसांची अतिरिक्त वाढ) नाही' असे लिहून मोकळे होतात. तुम्ही कामावर जाणाऱ्या आहात, तेव्हा पंधरा दिवस थ्रेडिंग करूच नका असे मी म्हणणार नाही. परंतु शक्य असेल तर भेटीची वेळ थ्रेडिंगच्या आधी येईल अशी ठरवा, आणि ते जमले नाही तर 'मी दर पंधरा दिवसांनी हनुवटीवरचे केस काढते' हे वाक्य विचारण्याची वाट न पाहता स्वतःहून उच्चारा. हे सांगताना संकोच वाटतो, हे मला ठाऊक आहे. तरीही बाह्यरुग्ण विभागातील चार-पाच मिनिटांच्या भेटीत सर्वांत मोलाचे ठरणारे वाक्य बहुधा हेच असते. पुरळ आणि डोक्यावरील केस गळणे याही गोष्टी सांगाव्यात, मात्र प्रौढ वयात केवळ त्यांवर निदानाचा भार टाकत नाहीत.

तुम्ही लिहिलेले सर्व तपासणीत खरे ठरले, तर पहिले दोन निकष इथेच पूर्ण होतात आणि निदानासाठी सोनोग्राफीची गरज उरत नाही. २०२३ च्या सूचनांत हे स्पष्ट शब्दांत आलेले आहे. तरीही आपल्याकडे पाळीची तक्रार घेऊन गेलेल्या मुलीच्या हातात पहिला कागद सोनोग्राफीचाच पडतो. याची पाळेमुळे जुनी आहेत. शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी १९३५ साली ज्या सात स्त्रियांच्या आधारे या विकाराचे वर्णन केले, त्यांच्यात वाढलेली अंडाशये हीच ठळक खूण होती आणि पुढे विकाराचे नावच अंडाशयावरून पडले.

दुसऱ्या डॉक्टरांच्या अहवालाने तुमचा सर्वांत जास्त गोंधळ झाला आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिते. तुम्हाला दिलेल्या हार्मोनच्या गोळ्या बहुधा संततिनियमनाच्या संयुक्त गोळ्या असाव्यात. या गोळ्या अंडाशयात तयार होणारे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक कमी करतात आणि त्याच वेळी यकृतात तयार होणारे, टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारे प्रथिन वाढवतात, त्यामुळे रक्तातील मोकळे, म्हणजेच प्रत्यक्ष काम करणारे टेस्टोस्टेरॉन बरेच खाली येते. या गोळ्या चालू असताना अंडाशयाचा आकार आणि बीजकोशांची (स्त्रीबीज वाढते त्या इवल्या पिशव्यांची) संख्याही कमी दिसू शकते. थोडक्यात, तुम्हाला मिळालेला 'नॉर्मल' अहवाल गोळ्यांचा परिणाम दाखवणारा होता. त्यावरून पीसीओएस नाही, असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हते. पुरुषी संप्रेरकांची तपासणी गोळ्या बंद करून किमान तीन महिने झाल्यानंतर करावी, असा नियम आहे. तुमचा दीड महिना झाला आहे, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसाठी अजून तितकेच थांबावे लागेल. बाकीच्या बहुतेक गोष्टींसाठी मात्र थांबण्याचे कारण नाही.

त्या बाकीच्या गोष्टी अशा. पाळी लांबलेल्या कोणत्याही स्त्रीची पहिली तपासणी गरोदरपणाची असते आणि ती विवाहित-अविवाहित असा भेद न करता करावी लागते, तेव्हा ती सांगितल्यास अपमान मानू नये. त्यानंतर थायरॉइडसाठी टीएसएच आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीसाठी प्रोलॅक्टिन या दोन तपासण्या, कारण थायरॉइडचे काम मंदावले किंवा प्रोलॅक्टिन वाढले तरी पाळी अशीच लांबते आणि त्यांवरील उपचार पूर्णपणे वेगळे आहेत. यापुढची तपासणी १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनची. मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथींतील एका जन्मजात दोषाचा सौम्य प्रकार तरुणपणी केस, पुरळ आणि अनियमित पाळी याच रूपात उघड होतो आणि पीसीओएसपासून तो डोळ्यांनी वेगळा ओळखता येत नाही. ही तपासणी सकाळच्या वेळी आणि शक्यतो पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत करतात. सामान्य दवाखान्यातून बहुतेकदा हीच तपासणी वगळली जाते, त्यामुळे तिचे नाव कागदावर लिहून न्या. पाळी दीर्घकाळ बंद असेल तर एफएसएच हे अंडाशयाला चालना देणारे संप्रेरकही पाहतात, म्हणजे अंडाशयाचे काम अकाली थांबलेले नाही ना, हे कळते.

रक्त देण्यापूर्वी दोन गोष्टी सांभाळा. बायोटिन चालू असताना संप्रेरकांच्या काही चाचण्या चुकीचे आकडे दाखवतात; टीएसएच प्रत्यक्षापेक्षा कमी आणि टेस्टोस्टेरॉन प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकते. केसांसाठीच्या गोळ्यांत बायोटिनची मात्रा पुष्कळ असते, म्हणून ती किमान दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा आणि प्रयोगशाळेत तसे सांगा. दुसरे असे की ॲसिडिटीसाठी औषधाच्या दुकानातून सर्रास घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्यांमध्ये डॉमपेरिडोन असते आणि त्याने प्रोलॅक्टिन वाढते. डब्यातले आंबट-तिखट आणि कार्यालयातला चहा यांवर उतारा म्हणून ती गोळी रोज घेणाऱ्या मुली माझ्या पाहण्यात पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यापैकी काहींना मेंदूच्या एमआरआयपर्यंत जाऊन यावे लागले आहे. अशी गोळी घेत असाल तर तिचे पाकीट सोबत न्या.

सोनोग्राफी करावीच लागली, तर तिचा अहवाल कसा वाचायचा तेही सांगते. केंद्रात 'गर्भलिंग निदान केले जात नाही' या पाटीखाली बसून, तांब्याभर पाणी पिऊन, लघवी रोखून केलेली पोटावरची सोनोग्राफी अंडाशयाचा आकार बऱ्यापैकी दाखवते. त्यातील बीजकोश नेमके मोजणे अवघड असते. म्हणून या पद्धतीत मुख्यतः आकारमानावर भर देतात आणि एका अंडाशयाचे आकारमान १० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक असेल तर निकष पूर्ण झाला असे धरतात. योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत एका अंडाशयात २० किंवा अधिक बीजकोश दिसावे लागतात. लैंगिक संबंध न आलेल्या मुलींची ती करत नाहीत आणि तशी गरजही नसते. तुमचा पहिला अहवाल काढून पाहा. त्यात दोन्ही अंडाशयांची मापे लिहिली आहेत, की तळाशी केवळ 'पीसीओडी सूचित' एवढा शेरा आहे? मापे नसतील तर त्या शेऱ्याला फारशी किंमत देता येत नाही. अहवालात 'सिस्ट' असे लिहिले असले तरी त्या काढून टाकायच्या गाठी नसतात. ते वाढ मध्येच थांबलेले, काही मिलिमीटरचे बीजकोश असतात. पूर्ण निरोगी तरुण मुलींमध्येही असे रूप पुष्कळदा दिसते.

प्रयोगशाळांच्या जाहिरातींत 'पीसीओडी पॅकेज' नावाचा एक मोठा गठ्ठा असतो. त्यात एलएच आणि एफएसएच या पिट्युटरीतील दोन संप्रेरकांचे गुणोत्तर, उपाशीपोटीचे इन्सुलिन, एएमएच (बीजकोशांत तयार होणारे संप्रेरक) अशी बरीच भरती केलेली असते. निदानासाठी त्या गुणोत्तराची आज गरज धरत नाहीत आणि इन्सुलिन मोजण्याचीही नेहमीच्या व्यवहारात शिफारस नाही. एएमएच प्रौढ स्त्रीमध्ये सोनोग्राफीऐवजी वापरता येते, परंतु एकट्या एएमएचवरून निदान करता येत नाही. आधी डॉक्टर, मग तपासणी, हा क्रम पाळला तर तुमचे पैसे वाचतील.

फॅमिली डॉक्टरांच्या म्हणण्याकडे येते. तुमच्या उंचीला ५१ किलो हे वजन अगदी योग्य आहे, हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. मात्र त्यावरून पीसीओएस नाकारणे चूक आहे, आणि याचा पुरावा दुसरीकडे शोधण्याची गरज नाही, कारण तो मुंबईतलाच आहे. परळ येथील प्रजनन आरोग्याच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी शहरातील १५ ते २४ वयोगटातील मुलींची पाहणी करून २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. रॉटरडॅम निकष लावले तेव्हा २२.५ टक्के मुलींमध्ये पीसीओएस आढळला आणि त्यांतील ७० टक्क्यांहून अधिक मुली लठ्ठ नव्हत्या. याच मुलींना दुसरे, अधिक कडक निकष लावले तेव्हा प्रमाण १०.७ टक्क्यांवर आले. एकाच मुलीला एक डॉक्टर 'आहे' म्हणतो आणि दुसरा 'नाही' म्हणतो, हे प्रत्येक वेळी कोणाच्या निष्काळजीपणामुळेच घडते असे नाही, हेही यावरून ध्यानात येईल. म्हणून डॉक्टरांना 'मला आहे का?' एवढेच विचारू नका. 'तीनपैकी कोणते दोन निकष माझ्यात आढळले आणि कोणते आजार वगळले?' असे विचारा आणि उत्तर केसपेपरवर लिहून घ्या. या प्रश्नाने जे डॉक्टर रागावतील, त्यांच्याकडे परत जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लग्नाने मात्र कोणतेही संप्रेरक जागेवर येत नाही. त्या सल्ल्याकडे दुर्लक्ष करणेच योग्य.

कोठे जावे, असे तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगते. खासगी स्त्रीरोगतज्ज्ञांचा खर्च पेलवत असेल तर संप्रेरकांच्या विकारांचे तज्ज्ञ, म्हणजे एंडोक्रिनोलॉजिस्ट, ज्यांच्या हाताशी आहेत अशांना निवडा. अन्यथा भांडुपहून मध्य रेल्वेने सरळ शीवला उतरून लोकमान्य टिळक रुग्णालय गाठता येते, परळला केईएम आहे आणि तुमच्या कार्यालयाच्या बाजूने कूपर रुग्णालय जवळ पडेल. केईएमपासून हाकेच्या अंतरावरच वर उल्लेख केलेली संशोधन संस्था आहे. पालिका रुग्णालयात सकाळ मोडते, केसपेपरच्या रांगेत उभे राहावे लागते, त्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा टाकावी लागते, हे सारे खरे आहे. परंतु स्त्रीरोग, संप्रेरक, त्वचा आणि आहार हे विभाग एकाच आवारात मिळतात, आणि अर्धवट निदान घेऊन तीन दवाखाने पालथे घातलेल्या मुलीला त्याचा उपयोग मोठा होतो.

निदान पक्के झाले तर लगोलग आणखी दोन-तीन गोष्टी तपासून घ्यायच्या असतात. रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तर पाहतातच, पण आपल्याकडे मधुमेहाचे प्रमाण लक्षात घेता ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली साखरेची तपासणी बारीक असलेल्या मुलीनेही करून घ्यावी. केवळ उपाशीपोटीच्या साखरेत बिघाड बऱ्याचदा दिसत नाही. मन सतत उदास किंवा अस्वस्थ राहत असेल तर तेही सांगावे. या विकारात नैराश्य आणि चिंता यांचे प्रमाण जास्त असते आणि त्यांची चौकशी करणे हा तपासणीचाच भाग आहे.

आईंच्या शंकेला उत्तर द्यायला हवे, कारण ती अनेक घरांत आहे. गोळ्यांनी तुमचे शरीर बिघडवलेले नाही. अनियमितता गोळ्यांच्या आधी होती, गोळ्यांनी ती झाकली आणि त्या थांबल्यावर ती पुन्हा दिसू लागली. या गोळ्यांनी वंध्यत्व येत नाही. माझी तक्रार एवढीच आहे की त्या निदान पूर्ण होण्याआधी दिल्या गेल्या आणि त्यामुळे पुढचे चित्र धूसर झाले. त्यांचा उपयोग मात्र खरा आहे. पाळी महिनोन्महिने आली नाही तर गर्भाशयाचे अस्तर बाहेर न पडता वाढत राहते आणि दीर्घकाळ असेच चालले तर त्यात पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. तरुण वयात हा धोका अल्प असतो. तरीही ९० दिवसांच्या वर पाळी लांबू देऊ नये. याचा अर्थ तुमच्यासाठी असा की टेस्टोस्टेरॉनच्या तपासणीसाठी तीन महिने थांबायचे असले तरी त्या काळात पाळी आलीच नाही, तर डॉक्टरांकडून ती आणवून घ्यावी; अल्प मुदतीच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांनी ते होते. पुढे संयुक्त गोळ्या घ्यायची वेळ आली तर डोळ्यांपुढे चमक येऊन उठणारी अर्धशिशी, घरात कोणाला रक्ताची गुठळी झाल्याचा इतिहास आणि रक्तदाब यांची माहिती आधी द्यावी. केस अचानक काही महिन्यांत झपाट्याने वाढू लागले किंवा आवाज घोगरा झाला, तर कशाचीही वाट न पाहता त्याच आठवड्यात तपासून घ्यावे, कारण क्वचित संप्रेरके तयार करणारी गाठ असू शकते.

तुमच्या बहिणीबाबत घाई करू नका. हा विकार कुटुंबात चालत येतो, त्यामुळे लक्ष ठेवणे बरोबर आहे, परंतु किशोरवयात पाळी मागेपुढे होणे स्वाभाविक असते. पाळी सुरू होऊन एक ते तीन वर्षांच्या काळात ४५ दिवसांपर्यंतचे अंतर चालते. एक वर्ष झाल्यानंतर एखादे अंतर ९० दिवसांच्या वर गेले तर दाखवावे. तिची सोनोग्राफी किंवा एएमएच करून घेऊ नका. पाळी सुरू झाल्यापासून पहिली आठ वर्षे सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असे सांगितलेले आहे, कारण त्या वयात निरोगी अंडाशयही तसेच दिसते. तिच्यात अनियमित पाळी आणि केसांची अतिरिक्त वाढ या दोन्ही गोष्टी आढळल्या, तरच किशोरवयात निदान करता येते. एकच असेल तर 'शक्यता आहे' अशी नोंद ठेवून काही वर्षांनी पुन्हा पाहतात.

राहिला प्रश्न स्थळांचा. बायोडाटात किंवा कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात हे जाहीर करण्याची आवश्यकता नाही, आणि मध्यस्थांना तर मुळीच सांगू नये. बोलणी पुढे जाऊन दोघांची पसंती झाली की साखरपुड्यापूर्वी तुम्ही स्वतः, त्या मुलाशीच, बोलावे. तोवर निदान पक्के असेल तर तुम्हाला 'मला काहीतरी प्रॉब्लेम आहे' असे चाचरत सांगावे लागणार नाही. पाळी उशिरा येते, त्याचे कारण हे आहे, तपासण्या झालेल्या आहेत, असे सांगता येईल. मूल होण्याविषयी तो विचारेल आणि त्याला खरे तेच सांगा: पीसीओएस असलेल्या बहुसंख्य स्त्रियांना मूल होते, काहींना आपोआप आणि काहींना बीज बाहेर पडण्यासाठी औषध घेऊन, आणि त्यासाठी लेट्रोझोल हे आज पहिल्या पसंतीचे औषध आहे. आईंना हा निर्णय पटणार नाही, असा माझा अंदाज आहे. पुढच्या भेटीत त्यांना सोबत न्या आणि गोळ्यांविषयीची शंका त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या.